सेलूत राहून अ‍ॅडव्हेंचर बाईक सांभाळायची तर

सर, तुमचे प्रश्न आधी एकत्र मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सेलूला ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवता. रोज शेताचा रस्ता, महिन्यातून एखादी लांबची फेरी आणि पुढच्या वर्षी हिमाचलातली स्पिती असा बेत आहे. मनात असलेल्या गाडीचं शोरूम संभाजीनगरला, म्हणजे जाऊन-येऊन सगळा रविवार गेला. विचारताय की गाडी कुठली घ्यावी, घरी सर्व्हिसिंग केली तर वॉरंटी जाते का, घरी काय जमतं आणि काय नाही, आणि अंबाजोगाईला एक जुनी हिमालयन ४११ विकायला आहे ती बघायला जावं का.

मी अकरा वर्षं शोरूमच्या वर्कशॉपात काढली, आधी पाना हातात घेऊन आणि नंतर सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून. आता गारखेड्यात स्वतःचं गॅरेज आहे. जॉब कार्ड लिहिलंही मीच आणि त्यावरून भांडलोही मीच.

गाडी ठरवायला शोरूममध्ये जाल तेव्हा सेल्सवाला टेस्ट राइड देईल, चहा मागवेल. चहा घ्या आणि मग मागच्या बाजूला पार्ट्स काउंटरवर जा. तिथल्या माणसाला पाच वस्तू विचारा: क्लच केबल, पुढच्या ब्रेकची लिव्हर, एअर फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड आणि पुढच्या शॉकअपचं ऑईल सील. ‘आत्ता शेल्फवर आहे का? नसेल तर ऑर्डर टाकल्यावर किती दिवस?’ एवढंच. पहिल्या दोन वस्तू गाडी आडवी पडली की जातात, पुढच्या तिन्ही आपल्या धुळीनं जातात. पाचपैकी चार शेल्फवर दिसल्या तर ते शोरूम तुम्हाला लांब नाही. दोनच दिसल्या आणि बाकीच्यांना ‘पंधरा-वीस दिवस धरून चला’ असं उत्तर आलं, तर ते तुमच्या कॉलेजच्या गेटसमोर असतं तरी उपयोग नव्हता. काउंटरवरचा माणूस सेल्समनसारखा तयार केलेला नसतो, तो खरं सांगतो. त्याचा मोबाईल नंबर घ्या. सर्व्हिस मॅनेजर दर दीड-दोन वर्षांनी बदलतात, पार्ट्सवाला सहसा टिकून असतो. पार्ट शेल्फवर असला की तो संध्याकाळी एसटीच्या पार्सलला किंवा ट्रॅव्हल्सवाल्याकडे देतो आणि सकाळी तुमच्या हातात पडतो. माझी निम्मी खरेदी अशीच चालते, पुण्याहूनसुद्धा.

गंमत बघा. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. देशभरच्या दुचाक्यांना शॉकअप आणि ब्रेक पुरवणाऱ्या एन्ड्युरन्सचं मुख्यालयही तिथंच. आणि त्याच गावात मी एका गाडीच्या सीलसाठी तीन आठवडे थांबलोय. कारखाना शेजारी असला म्हणून काउंटरवर माल असतोच असं नाही. त्या पाच वस्तू विचारायला म्हणूनच सांगतोय.

आता गाड्या. घरी काम करायचंय म्हटल्यावर मी दोन गोष्टी बघतो: इंजिन थंड कसं होतं आणि टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट ठरवणारे भाग) कसे सेट होतात. हिमालयन ४११ किंवा जुनी एक्सपल्स २०० ही साधी कुळं. रेडिएटर नाही, कूलंट नाही. हिमालयन ४११ चे टॅपेट तर स्क्रू आणि नटाचे, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन घरी करता येतात. केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर आणि हिमालयन ४५० मध्ये दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), पाण्याचं कूलिंग, आणि टॅपेटला शिम. शिम म्हणजे मोजलेल्या जाडीची चकती. गॅप चुकला तर कॅमशाफ्ट काढून दुसऱ्या जाडीची चकती टाकायची, आणि ती चकती सेलूत मिळणार नाही. या गाड्या वाईट नाहीत. हायवेला ताकद तिथंच आहे आणि स्पितीला जाताना सामान लादून घाट चढताना ती कळते. पण त्यांचं टॅपेटचं काम शोरूमचंच, हे धरूनच घ्यायच्या. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स मधली वाटते मला: ऑईल कूल्ड इंजिन आणि अलॉयची ट्यूबलेस चाकं, पंक्चर काढणं सोपं. खडकाळ रानात मात्र तिचं १९ इंची पुढचं चाक २१ इंचीसारखं चालत नाही. तुमचा शेतरस्ता कसा आहे ते तुम्हाला माहीत. काळ्या रानातून जात असेल तर पावसाळ्यात कुठलीच गाडी चालत नाही, गारा चाक आणि मडगार्डच्या मध्ये भरतो आणि गाडी जागेवर उभी राहते. तिथं शोरूम, ब्रँड, हॉर्सपॉवर सगळं सारखंच.

वॉरंटीचं उत्तर दोन भागात आहे. वॉरंटी चालू असेपर्यंत मॅन्युअलमधल्या वेळापत्रकातली प्रत्येक सर्व्हिस शोरूमलाच करा, किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल त्यानुसार, आणि बिल जपून ठेवा. उद्या इंजिनचं काही निघालं तर कंपनी सगळ्यात आधी सर्व्हिस हिस्ट्री बघते. त्यात एक सर्व्हिस गायब असली की बोलणं तिथंच अडतं. मधल्या काळात घरी चेन साफ केली, फिल्टर झटकला, केबलला तेल दिलं, चाक काढून पंक्चर काढलं, याला कोणी हरकत घेत नाही. ती मालकाचीच कामं आहेत, मॅन्युअलमध्येच लिहिलेली असतात. वॉरंटी खरी जाते ती वायरिंगवर. मी अ‍ॅडव्हायजर असताना जे क्लेम परत आले त्यात फॉग लाइटसाठी हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) कापलेल्या गाड्या सर्वाधिक होत्या. जास्तीचे दिवे लावायचेच असतील तर बॅटरीवरून फ्यूज घालून वेगळी लाइन घ्या, मध्ये रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच) टाका आणि कंपनीची एकही वायर सोलू नका. शहागंजात बसून दहा मिनिटांत लाइट जोडून देणारा पोरगा वायर सोलूनच जोडतो, त्याला दुसरं माहीत नाही.

आता घरच्या कामांकडे येतो, कारण मुद्दा खरा तिथंच आहे. मॅन्युअलमधलं वेळापत्रक सरासरी रस्त्यासाठी लिहिलेलं असतं. धुळीच्या भागात फिल्टर लवकर तपासा, असं त्याच पुस्तकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. आपल्याकडं मार्च ते जून पांदीत जो फुफाटा असतो तो पिठासारखा. टाच बुडते त्यात. पुढं एखादा ट्रॅक्टर चाललेला असला आणि तुम्ही त्याच्या मागं दोन किलोमीटर राहिलात, तर फिल्टरनं शहरात महिन्याभरात खाल्ली असती तेवढी धूळ एका दुपारी खाल्ली. उन्हाळ्यात हजार किलोमीटरला फिल्टर काढून बघा. कागदी फिल्टर असेल तर हवा नेहमी आतून बाहेर मारायची आणि नळी चार बोटं लांब धरायची. कंप्रेसरची पूर्ण हवा जवळून मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात, आणि मग फिल्टर स्वच्छ दिसतो पण धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते. कागदी फिल्टर पेट्रोलनं धुवायचा नाही, पाण्यानंही नाही. फोमचा असेल तर धुऊन, सुकवून, फिल्टर ऑईल लावून पिळून बसवायचा. फिल्टर काढल्यावर एअरबॉक्सच्या आत, फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला, पांढरा रुमाल फिरवून बघा. रुमालावर तपकिरी रेघ आली तर फिल्टर नीट बसत नाहीये किंवा त्याचं रबर गेलंय. ही एक रेघ इंजिनबद्दल जेवढं सांगते तेवढं आवाज ऐकून कुणालाही सांगता येत नाही.

सोयाबीन काढणी आणि मळणीच्या दिवसांत, म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे, पाण्यानं थंड होणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरकडे लक्ष ठेवा. रस्त्याकडेला मळणी यंत्र चालू असतं, भुसा उडतो आणि जाळीत अडकतो. पुढं कापसाचे दिवस आले की त्यावर तंतू बसतात. वरून काही दिसत नाही, टॉर्च मारली तर दिसतं. साध्या नळाच्या पाण्यानं, मागून पुढं, हलक्या धारेनं धुवा. वॉशिंग सेंटरच्या पिचकारीनं रेडिएटरच्या पात्या वाकतात, आणि तीच धार चाकाच्या बेअरिंगवर, कोनसेटवर (हँडलच्या बेअरिंगवर), चेनच्या ओ-रिंगवर मारली की आतलं ग्रीस बाहेर आणि पाणी आत. माझ्याकडं येणाऱ्या गंजलेल्या बेअरिंगांचा बाप बहुतेक वेळा वॉशिंग सेंटरच असतो. कूलंट कमी झालं म्हणून बोअरचं पाणी टाकणारे आहेत अजून. आपल्या बोअरच्या पाण्यात किती क्षार आहेत ते घरच्या माठाच्या बुडाला बघा. तेच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. अडचण आलीच तर बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर टाका आणि नंतर कूलंट पूर्ण बदलून घ्या. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे तुम्हाला दाब आणि उत्कलनबिंदू शिकवणाऱ्याला मी काय सांगणार.

चेनबद्दल मात्र सांगतो, कारण शिकलेली माणसंही तिथं चुकतात. दोन चुका. पहिली, चिकट स्प्रेचा मारा. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर तो ठीक, फुफाट्यात तो स्प्रे आणि धूळ मिळून पॉलिश पेपर तयार होतो आणि चेनस्पॉकेट वेळेआधी जातं. मी धुळीच्या दिवसांत रॉकेलनं चेन पुसायला सांगतो (पेट्रोलनं नको, ओ-रिंग खराब होतात), वाळवून ९० नंबरचं गिअर ऑईल ब्रशनं आतल्या बाजूला लावायचं आणि अर्ध्या तासानं कोरड्या कापडानं बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. चेन हाताला जेमतेम ओशट लागली पाहिजे. दर पाचशे किलोमीटरला, पावसात भिजली तर त्याच दिवशी.

दुसरी चूक, चेन ताणून ठेवणं. कम्यूटर गाडीच्या सवयीनं मेकॅनिक वीस-पंचवीस मिलीमीटर ढील ठेवतो. अ‍ॅडव्हेंचर गाडीचा मागचा शॉकअप लांब चालतो. पुढचं स्पॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की दोन्ही स्पॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त होतं आणि चेन सगळ्यात घट्ट होते. तुम्ही उभी गाडी बघून चेन सेट केली आणि ती त्या क्षणी आधीच घट्ट असली, तर खड्ड्यात गाडी बसली की सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. म्हणून स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तोच ठेवायचा, तो कम्यूटरपेक्षा जास्त असतो, आणि बघताना ढिला वाटला तरी चालेल. ही आकृती काढून पोरांना शिकवा, परीक्षेत नाही आली तरी गाडीत येते.

ब्रेक ऑईल दोन वर्षांनी बदला, डॉट ४ ग्रेडचं. ते हवेतलं पाणी ओढतं. नवं असताना उकळण्याचा किमान आकडा २३० अंश, पाणी ओढल्यावर तो १५५ वर येतो. कन्नडचा घाट सामान लादून उतरताना फरक कळेल. घरी करता येतं, पण टाकीच्या रंगावर थेंब पडला तर रंग गेला, म्हणून ओलं फडकं अंथरून करा.

पुढच्या शॉकअपमधून तेल गळायला लागलं की लगेच सील बदलायला धावू नका. बरेचदा सील फाटलेलं नसतं, वाळलेल्या चिखलाचा कण ओठात अडकलेला असतो. जुन्या एक्स-रेच्या फिल्मची बोटभर पट्टी कापा, टोकाला छोटा आकडा करा, धूळरोधक रबर वर सरकवून ती पट्टी सीलच्या कडेनं गोल फिरवा. काळा राब बाहेर येतो. नळी पुसून गाडी दहा वेळा दाबा. निम्म्या वेळा गळती थांबते. नाही थांबली तर मग सील. आणि गाडी चिखलातून आली की रात्रीच नळ्या पुसायच्या, काळी माती वाळून सिमेंट व्हायच्या आत.

घरी तेल बदलताना काय होतं त्याची गोष्ट सांगतो. जालन्याचा एक बँकेतला माणूस, नीटनेटका, व्हिडिओ बघून तेल बदललं. तेल बरोबर, जासो एमए२ लिहिलेलं, ओल्या क्लचला चालणारं. कारचं तेल त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असल्यानं टाकलं की क्लच घसरतो, ते त्याला माहीत होतं. फिल्टर बरोबर, वायसर नवा. फक्त चेंबरचा (तेल सोडायचा) नट त्यानं लांब रिंग पान्यानं ‘चांगला’ आवळला. पुढच्या वेळी सोडताना नटाबरोबर अ‍ॅल्युमिनियमचे आटे बाहेर आले, सापाच्या कातीसारखे. छोट्या हत्तीत घालून गाडी माझ्याकडं आणली, हेलिकॉइल (तारेच्या आट्यांची स्प्रिंग) घालून आटे नवे करावे लागले. हिशोब तुमचाच विषय: २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला १० किलोचा जोर दिला की जवळपास २० न्यूटन मीटर झाले. ३० सेंटिमीटरचा पाना आणि ३० किलोचा जोर, म्हणजे ९० च्या घरात. मॅन्युअलमध्ये चेंबर नटाचा आकडा बघा आणि टॉर्क रेंच घ्या. एक छोटा, पंचवीस न्यूटन मीटरपर्यंतचा, आणि एक मोठा, शंभराच्या वर जाणारा, एक्सलसाठी. बाकी गोटी पाना सेट, अ‍ॅलन की, फिलर गेज, मल्टिमीटर आणि पॅडॉक स्टँड. माझ्या अंदाजानं दहा-बारा हजारांत घरचं गॅरेज उभं राहतं. स्वस्त अ‍ॅलन की मात्र घेऊ नका. ती गोल होते आणि बोल्टालाही गोल करते.

मल्टिमीटरचा उपयोग एकच सांगतो. गाडी रात्रभर उभी, बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. चालू करून रेस दिली की १४ च्या आसपास. स्टार्टर मारताना आकडा दहाच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी संपत आलीय. स्पितीला निघायच्या आधी हे बघितलं तर तिथं लोसर गावात पहाटे धक्का मारायची वेळ येणार नाही.

घरी करू नये अशी यादी छोटी आहे: शिमचे टॅपेट, एबीएसचा पंप, मागच्या शॉकअपचं गॅस चेंबर, आणि इंजिन लाइट पेटल्यावर अंदाजानं सेन्सर बदलणं. बीएस-६ गाड्यांत सीटखाली किंवा बाजूच्या पॅनलमागं बहुधा सहा पिनांचा कनेक्टर असतो, त्याला जोडायचं छोटं यंत्र मिळतं आणि कोड वाचता येतो. कोड वाचा, लिहून ठेवा, पण लगेच पुसू नका. शोरूमला तोच पुरावा लागतो. आणि हो, वाळूजमध्ये अप्रतिम आर्गन वेल्डिंग करणारे लोक आहेत. तुटलेलं क्रॅश गार्ड, कॅरियर, पॅनियरचा स्टँड खुशाल जोडून घ्या. हँडलबार आणि स्विंगआर्म जोडायचा नाही, कितीही छान जोडून दिला तरी.

पंक्चर. माझी फजिती आहे ती. गौताळ्याच्या बाजूला, पुढचं चाक, बाभळीचा काटा. ट्यूबची गाडी, २१ इंची. टायरची कड सुटेना म्हणून सोबत्याची गाडी आणली, तिचा साइड स्टँड रिमलगत टायरवर टेकवून गाडी हळूच झुकवली, कड सुटली. ट्यूब बदलली, हवा भरली, निघालो. दहाव्या मिनिटाला पुन्हा बसली. घाईत बाहेरून काटा उपटला होता, त्याचं टोक टायरच्या आत तसंच होतं. तेव्हापासून टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवतो. बोट फिरवलं तर बोटात घुसतो, कापूस अडकतो आणि जागा दाखवतो. आपल्या पंक्चरवाल्यांकडं २१ इंची ट्यूब बहुधा नसते, सोबत ठेवा. जागा एकाच ट्यूबची असेल तर २१ चीच ठेवा, वेळ मारून न्यायला ती मागच्या १७ किंवा १८ च्या चाकातही घडी घालून बसते, मागची पुढं बसवणं अवघड. गाडी घेतली की पहिल्या रविवारी अंगणात दोन्ही चाकं एकदा काढून बसवा, फक्त सीटखालच्या हत्यारांनी. त्या हत्यारांनी मागचा एक्सल सुटत नाही, हे अंगणात कळलेलं बरं.

शोरूमशी वागण्याची पद्धत थोडी वेगळी ठेवा. सर्व्हिसला जाण्याआधी एअर फिल्टरच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका द्या. एका शोरूममध्ये माझ्याच एका गिऱ्हाइकाच्या बिलात नवा फिल्टर होता आणि गाडीत ठिपक्यासकट जुना. भांडण झालं नाही, ठिपका दाखवल्यावर पैसे परत आले. जुने पार्ट परत मागा, ते तुमचे आहेत. तक्रार तोंडी सांगू नका. ‘गाडी आवाज करते’ असं सांगितलं तर जॉब कार्डावर ‘जनरल चेकअप’ लिहिलं जातं. ‘तिसऱ्या गिअरमध्ये, ४००० आरपीएमला, इंजिन गरम असताना, उजव्या बाजूनं’ असं लिहून द्या, मेकॅनिकही खूश होतो. टेस्ट राइड त्याच्यासोबत मारा. शनिवारी गाडी देऊ नका, मधल्या वारी रजा टाकून जा. शनिवारी आम्ही गाड्या मोजतो, बघत नाही. तेव्हाचं खरं सांगतोय.

रोडसाइड असिस्टन्स घेतलात तर फुकट टोइंग किती किलोमीटरपर्यंत ते वाचा. नाहीतर छोटा हत्ती सांगा. गाडी चढवल्यावर साइड स्टँडवर उभी करू नका. पट्टे खालच्या टी-प्लेटवरून (पुढच्या शॉकअपच्या दोन्ही नळ्या धरणाऱ्या पट्टीवरून) घ्या, हँडलवरून नाही. पुढचा शॉकअप अर्धाच दाबून बांधा. पूर्ण दाबून बांधला तर एका खड्ड्यात सील गेलं आणि पट्टाही ढिला झाला. नागपूरला जायचं असलं तर जुनाच रस्ता धरावा लागतो, समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही.

शोरूम अगदीच दाद देत नसेल तर आधी कंपनीला ईमेल, जॉब कार्डांचे फोटो जोडून. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्यानंतर ग्राहक आयोग. पुष्कळांना वाटतं की शोरूम संभाजीनगरला म्हणजे तारखाही संभाजीनगरला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे परभणीला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल काढलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. तुमच्या कंपनीची माहिती तिथं आहे का, ते गाडी घेण्याआधी बघून घ्या.

अंबाजोगाईची हिमालयन. जा बघायला, पण सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. इंजिनला हात लावून बघा, गरम असलं तर दुपारी परत जा. थंड इंजिन चालू करून दोन मिनिटं आवाज ऐका. एक्झॉस्टमधून निळा धूर आला तर बोलणं संपलं. मग एअर फिल्टर काढायची परवानगी मागा आणि मघाचा पांढरा रुमाल फिरवा. मालकानं नाही म्हटलं तर तेही उत्तरच आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यानं दोन्ही चाकांच्या आऱ्या एकेक वाजवा, ठण् आवाज आला पाहिजे, थप्प आवाजाच्या आऱ्या ढिल्या आहेत. चाक फिरवून आउट (डगमगतं का ते) बघा. शेवटी पुढचं चाक उचलून धरायला कुणालातरी सांगा आणि हँडल एका बोटानं डावीकडून उजवीकडं न्या. मध्यावर आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेटला खड्डे पडलेत. गाडी सोडू नका तेवढ्यावरून, कोनसेट आणि मजुरी किमतीतून वजा करा, टेपर रोलर बेअरिंगचा सेट टाकून घ्या आणि बसवायला गारखेड्याला आणा. येण्याच्या आदल्या दिवशी फोन करा, नाहीतर मी वाळूजला लेथवर असतो.